उसवता येतं म्हणून

उसवलेली लोकर सरळ नसते. स्वेटरच्या शिवणी सोडवून गळ्याकडचा शेवटचा टाका मोकळा केला आणि टोक ओढलं की ओळीमागून ओळ सुटत जाते. हातात येणारा धागा मात्र बारीक लाटांचा असतो, नुकत्याच सोडलेल्या वेणीतल्या केसांसारखा. इतकी वर्षं ज्या वळणात तो बसला होता ते वळण तो सहजी सोडत नाही. माझी आई तो खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लडी करायची, चार ठिकाणी सुती दोऱ्यानं सैलसर बांधायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि दांडीवर टांगून लडीच्या खालच्या टोकाला पाण्यानं भरलेला तांब्या अडकवायची. दुसऱ्या दिवशी धागा सरळ झालेला असे. माझ्या वडिलांचा जांभळा स्वेटर असा दोनदा उसवला गेला. पहिल्यांदा त्यातून माझा स्वेटर झाला, दुसऱ्यांदा धाकट्या भावाचा, आणि उरलेल्या गुंड्यातून कितीतरी वर्षांनी भाचीचं टोपडं. कोपरापाशी विरलेला भाग तेवढा गेला.

हे पुस्तक विणकाम शिकवण्यासाठी लिहिलं आहे. टाके कसे घालायचे, सुलट-उलट कसं विणायचं, बाहीला टाके कसे वाढवायचे आणि गळ्याला कसे घटवायचे, हे पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. पण त्याआधी त्या तांब्याबद्दल बोलायला हवं असं मला वाटलं, कारण विणकामाचं मोठेपण मला तिथे दिसतं. कापडाला एकदा कात्री लागली की ते पुन्हा ताग्यात जात नाही. भाजलेलं मडकं पुन्हा चिखल होत नाही. विणलेलं वस्त्र मात्र टोक सापडलं की पुन्हा धागा होतं, आणि तो धागा पुन्हा वस्त्र. आज जगभर विणकामाकडे कला म्हणून, फॅशन म्हणून आणि पृथ्वीला कमी ओरबाडणारी कारागिरी म्हणून नव्यानं पाहिलं जातं आहे. या तिन्हींच्या मुळाशी मला हा उसवता येण्याचा गुण दिसतो. आमच्या आयांना तो कुणी सांगावा लागला नव्हता.

मी अंबाजोगाईची. बीड जिल्ह्यात स्वेटर घालतं कोण, असं मला नेहमी विचारलं जातं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मे महिना असतो, टँकरची रांग असते, बेचाळीसच्या पुढे गेलेला पारा असतो. ते सगळं खरंच आहे. पण बालाघाटच्या माथ्यावर पौषातल्या पहाटे एकदा येऊन पाहावं. रब्बीच्या ज्वारीला रात्रीचं पाणी द्यायला गेलेला माणूस कानटोपी आणि घोंगडीशिवाय जात नाही. आणि आमच्या जिल्ह्याचा हिवाळा आमच्याच जिल्ह्यात संपतही नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली लाखो माणसं ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उसाच्या पाचटाची कोपी, अंधारात सुरू होणारी तोड, दवानं भिजलेला फड, आणि बांधावर झोळीत ठेवलेलं तान्हं मूल. त्या मुलाच्या डोक्यावर काय असतं, हा माझ्या दृष्टीनं विणकामातला पहिला प्रश्न आहे. कलादालन आणि फॅशन त्याच्यानंतर. म्हणून या पुस्तकातला पहिला पूर्ण नमुना टोपड्याचा आहे, आणि तो कान झाकणारा आहे.

आपल्या भाषेनं एक मोठी गोष्ट केली आहे. मागावर पैठणी विणतात, सुयांवर स्वेटर विणतात, सुंभानं बाज विणतात, बांबूची टोपली विणतात, सुगरण घरटं विणते. सगळ्यांना एकच क्रियापद. पक्ष्यांच्या विणीचा हंगाम असतो आणि माणसांच्या नात्याची वीण असते. या शब्दांची मुळं वेगवेगळी असतील, पण कानाला ते एका घरातले वाटतात. या उदारपणाचा एक तोटाही आहे. माग आणि सुया यांच्यातला फरक आपल्या बोलण्यात पुसला जातो, आणि तो फरक कळल्याशिवाय या कलेचं मर्म कळत नाही.

अंगातला टी-शर्ट किंवा बनियन काढून उजेडात धरा. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून पाहिलंत तर आणखी चांगलं. समोरच्या बाजूला गव्हाच्या ओंबीसारखे उभे पट्टे दिसतील. ओंबीत दाणे जोडीजोडीनं वर चढतात तसे टाके एकावर एक चढलेले. कापड उलटं केलं की आडव्या कमानी दिसतील, जुन्या घरावरच्या कौलांच्या ओळींसारख्या. ओंबी म्हणजे सुलट टाका, कमान म्हणजे त्याच टाक्याची पाठ. आता शेजारी धोतर किंवा साडी ठेवा. तिथे उभा धागा आणि आडवा धागा एकमेकांना काटकोनात छेदतात, एक वर, एक खाली. दोन्ही ताणलेले, म्हणून कापड ताणलं जात नाही. टी-शर्टात मात्र प्रत्येक ओळीत एकच धागा असतो आणि तो वळसे घेत जातो. प्रत्येक वळसा खालच्या वळशातून बाहेर आलेला आणि वरच्याला धरून ठेवणारा. वळशात ढील असते, म्हणून हे वस्त्र अंगाबरोबर हलतं, श्वासाबरोबर फुगतं आणि पुन्हा जागेवर येतं. वळसा म्हणजे गाठ नव्हे, म्हणूनच तो उसवतो.

तर बीडमध्ये विणलेलं कुणी घालत नाही, हे म्हणणं टिकत नाही. उसाच्या फडातला टी-शर्ट विणलेला, शाळेच्या पोराचे मोजे विणलेले, म्हाताऱ्याचं बनियन विणलेलं. आमच्या जिल्ह्यातल्या जिनिंगमधून गेलेल्या कापसाच्या गाठीचं दूर कुठेतरी सूत व्हावं, ते तमिळनाडूतल्या तिरुपूरच्या गोल मशीनवर विणलं जावं आणि टी-शर्ट होऊन आठवडी बाजारात आमच्याकडेच परत यावं, हे सहज घडू शकतं. कापूस पिकवणाऱ्याला आपण आपल्याच रानातलं बोंड अंगात घातलं आहे हे कधी कळणारही नाही. इंग्लंडात विल्यम ली यानं १५८९ मध्ये विणकामाचं पहिलं यंत्र बनवलं, तेव्हापासून हाताचं विणकाम आणि यंत्राचं विणकाम एकमेकांशेजारी चाललेलं आहे. टाका दोघांचा एकच.

ही विद्या आली कुठून, याचं उत्तर फार मागे जात नाही. मागाच्या मानानं सुया पोरवयाच्या आहेत. सर्वांत जुन्या खऱ्या सुईविणीच्या नमुन्यांमध्ये इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे येतात, निळीनं रंगवलेल्या आणि पांढऱ्या धाग्यांचे, साधारण ११ ते १४ व्या शतकातले. आपल्याकडे सुया आणि क्रोशा आला तो मुख्यतः १९ व्या शतकात, मिशनरी बायकांबरोबर आणि मुलींच्या शाळांबरोबर. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेव्हा शिवण आणि हस्तकामाचे वर्ग हे विधवा आणि परित्यक्ता बायकांना स्वतःच्या पायावर उभं करण्याचं साधन होतं. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे ही लाट आमच्याकडे उशिरा आणि पातळ होऊन पोचली: बदली होऊन आलेल्या शिक्षिका, पुण्या-सोलापूरहून लग्न होऊन आलेल्या सुना. पाठ्यपुस्तक नव्हतं. एकीचा नमुना दुसरी बघून उचलायची. १९६२ च्या चीन युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, त्यात सुया कधी हातात न धरलेल्या कित्येकजणी विणायला शिकल्या. माझी आजी त्यातलीच एक. खाकी रंगाची लोकर ती पुढे आयुष्यभर ओळखू शकायची, कुठल्याही ढिगातून.

आणि रुखवत. आमच्याकडच्या लग्नात मांडवाच्या एका बाजूला टेबलं जोडून त्यावर पांढरी चादर घालतात आणि नवरीच्या हातचं (बरेचदा तिच्या आई-मावश्यांच्या हातचं) सगळं मांडतात. क्रोशाचे रुमाल, लोकरीचं तोरण, ताटावर झाकायची जाळी, मण्यांचा हत्ती, पुठ्ठ्याचा बंगला. वऱ्हाडातल्या बायका एकेक वस्तू उचलून पाहतात, उलटी करून पाहतात. हे उलटं करून पाहणं महत्त्वाचं. समोरून कुणाचंही काम बरं दिसतं. धाग्याची टोकं कशी लपवली आहेत ते मागून कळतं. चित्रकलेच्या प्रदर्शनाला गेलेली माणसं चित्राची मागची बाजू पाहत नाहीत. रुखवतापुढच्या बायका पाहायच्या. ज्यांना कुठल्याही कलादालनानं दार उघडलं नाही त्यांचं ते कलादालन होतं, एका दिवसाचं, आणि तिथलं परीक्षण फार कडक असायचं. आता रुखवत भाड्यानं मिळतं. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

क्रोशाचा गोल रुमाल ज्यांनी विणला आहे त्यांना एक गोष्ट ठाऊक असते. प्रत्येक फेरीला ठरावीकच खांब, म्हणजे उभे टाके, वाढवावे लागतात. कमी वाढवले तर रुमालाची वाटी होते. जास्त वाढवले तर तो सपाट बसत नाही, कडेला झालर पडते. आपण ती चूक म्हणून उसवतो. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी ही झालर मुद्दाम पाडली. जिथे एका बिंदूतून एका रेषेला अनेक समांतर रेषा काढता येतात असा एक वक्र पृष्ठभाग गणितात आहे. तो हातात धरून दाखवता येईल असा बनवणं लोकांना फार अवघड जात होतं, कागदाची प्रतिकृती फाटायची. ताइमिनांनी तो क्रोशानं विणला, दर काही टाक्यांमागे एक वाढवत, आणि तो विद्यार्थ्यांच्या हातात दिला. मग २००५ मध्ये मार्गरेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी त्याच झालरीतून समुद्रातली प्रवाळं विणायला घेतली. प्रवाळांचे आकार खरोखर तसेच झालरीचे असतात, आणि समुद्र तापल्यामुळे ती पांढरी पडून मरत आहेत. हजारो बायकांनी देशोदेशी बसून ती विणली, आणि २०१९ मध्ये ती प्रवाळं व्हेनिसच्या बिएनालेत मांडली गेली, जिथे जगातले नामवंत चित्रकार आणि शिल्पकार मांडतात. त्याच्याही आधी, १९८० च्या दशकात, जर्मनीच्या रोझमारी ट्रोकेल यांनी यंत्रावर विणलेली लोकर चित्रासारखी चौकटीवर ताणून भिंतीवर लावली होती. बाईचं काम कोणतं आणि कलावंताचं कोणतं, हे ठरवतं कोण, असा तो सरळ प्रश्न होता. मला झालरीची गोष्ट जास्त जवळची वाटते. तिथे सुरुवात चुकीतून झाली, आणि ती चूक आमच्या घरातही रोज होत होती.

कापडालाच कला आणि ग्रंथ मानण्याची गोष्ट आम्हा अंबाजोगाईकरांना परकी नाही. दासोपंत (१५५१ ते १६१५) इथलेच. गीतार्णवासारखा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या या माणसानं आपलं ‘पंचीकरण’ कागदावर न लिहिता पासोडीवर लिहिलं. पासोडी म्हणजे गरिबानं अंगावर घ्यायचं जाडंभरडं सुती पांघरूण. सुमारे ४० फूट लांबीचं ते कापड, त्यावर ओळीमागून ओळ अक्षरं आणि आकृत्या, चारशे वर्षांनंतरही गावात जपलेलं आहे. मी पहिल्यांदा त्याबद्दल ऐकलं तेव्हा वेदान्तातलं मला फारसं काही कळलं नाही. मनात एकच विचार आला, की ते सूत कुणी कातलं असेल आणि तो पट्टा कुणी विणला असेल. तो प्रश्न अजून माझ्या मनातून गेलेला नाही. शाई टिकली कारण कापड टिकलं.

फॅशनबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती दर वर्षी बदलते आणि पुस्तक छापून होईतो जुनी होते. सध्या बाजारात क्रोशाचे टॉप, पिशव्या, कानातली, लोकरीची फुलं यांची चलती आहे, आणि कॉलेजच्या मुली मोबाइलवर व्हिडिओ बघत क्रोशा शिकत आहेत. मला याचा आनंद आहे. आजीकडून नातीकडे येणारा धागा मधल्या पिढीत तुटला होता, तो पडद्यावरून का होईना जोडला गेला. फक्त एक गोष्ट त्या मुलींनी ध्यानात ठेवावी. सुयांचं विणकाम यंत्र करतं. क्रोशाचं खरं काम मोठ्या प्रमाणावर करणारं यंत्र आजवर नाही. क्रोशासारखी दिसणारी जाळी यंत्रावर निघते, पण खरा क्रोशा असेल तर त्यातला एकेक खांब कुणाच्या तरी बोटांनी घातलेला आहे. म्हणजे दुकानात खऱ्या क्रोशाचा टॉप साडेतीनशे रुपयांना टांगलेला दिसला, तर त्यातून दुकानदाराचा, व्यापाऱ्याचा, वाहतुकीचा आणि धाग्याचा हिस्सा वजा करावा आणि त्या बोटांना काय मिळालं असेल याचा हिशेब करावा. आंध्रातल्या नरसापूर भागात हजारो बायका घरात बसून क्रोशाची लेस करतात. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: लेस परदेशात जाते, व्यापारी श्रीमंत होतात, आणि बाईला मात्र ‘घरीच तर असते, रिकाम्या वेळात करते’ असं म्हणून किमान वेतनाच्या कितीतरी खाली ठेवलं जातं. रिकामा वेळ हा शब्द ज्यानं शोधला त्यानं विणणाऱ्या बाईचं फार नुकसान केलं.

माझ्या वर्गात मी सगळ्यांना एक गणित करायला लावते. दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी बसतात असं धरा. छातीचा घेर १०० सेंटिमीटर, म्हणजे २२० टाके. उंची ६० सेंटिमीटर, म्हणजे १८० ओळी. नुसत्या धडाचे ३९,६०० टाके झाले. गळा-मुंढ्यात थोडे घटतात, बाह्यांत त्याहून जास्त वाढतात. सगळे मिळून ५०,००० च्या वर जातात. सवयीचा हात मिनिटाला २५ टाके घालतो असं म्हणू. दोन हजार मिनिटं, म्हणजे ३३ तासांहून थोडं जास्त. तासाला ५० रुपये धरले तरी मजुरी १,६५० रुपयांच्या पुढे जाते, लोकर वेगळी. हे गणित फळ्यावर झालं की वर्गात शांतता पसरते. कुणाला आईचा स्वेटर आठवतो, जो आपण टोचतो म्हणून टाकून दिला होता.

लोकर म्हणताना आणखी एक फसगत होते. बीडच्या, लातूरच्या, संभाजीनगरच्या दुकानात ज्याला आपण लोकर म्हणतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं, खनिज तेलापासून बनवलेला धागा. आई त्याला कॅशमिलॉन म्हणायची. ओळखायची खूण सोपी आहे. धाग्याचं बोटभर टोक चिमट्यात धरून काडी लावा. खरी लोकर केस जळल्यासारखा वास मारते, ज्योत काढली की विझते, आणि राख बोटानं चुरडता येते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झालं की काळा, टणक मणी उरतो. हे टोपड्यांसाठी वापरू नका असं मी म्हणणार नाही. ते स्वस्त आहे, मऊ आहे, मशीनमध्ये धुता येतं, आणि मी स्वतः वर्षानुवर्षं वापरलं आहे. पण त्याची दुसरी बाजू सांगणं माझं काम आहे. २०१६ मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं की सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त सूक्ष्म तंतू पाण्यात जातात. ते गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून समुद्रात जातात, आणि कुजत नाहीत. आमच्या भागात पाण्याचा एकेक हंडा मोजून वापरला जातो. त्या पाण्यात काय सोडतो हेही मोजायला हवं.

यावर या पुस्तकानं सुचवलेला उपाय जुनाच आहे: नवीन घेण्याआधी उसवा. जुना स्वेटर ॲक्रिलिकचा असला तरी तो आधीच जगात आलेला आहे. तो उसवून पुन्हा विणला तर नव्या धाग्याची गरज तेवढी कमी होते. मात्र प्रत्येक स्वेटर उसवत नाही. बगलेची शिवण आतून पाहा. टाक्याला टाका जोडून शिवलेलं असेल तर धागा अखंड मिळेल. कडेला ओव्हरलॉकची दाट शिलाई असेल, तर ते पट्टे कापून जोडलेले आहेत. ओढलं की प्रत्येक ओळीचा हातभर तुकडा हातात येईल. असे तुकडे उशीत भरावेत. उसवण्याचं एक अख्खं प्रकरण पुस्तकात आहे. माझ्या माहितीतल्या विणकामाच्या पुस्तकांत ते नसतं, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

जे आपण उसवत नाही ते कुठे जातं, हेही सांगायला हवं. मराठी माणसाला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं. आजचं पानिपत जगाच्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचं गाव आहे. थंड देशांतले जुने स्वेटर आणि कोट गाठीगाठींनी तिथे उतरतात. बायका त्यांची बटणं, चेन, अस्तरं काढतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रं ते फाडून त्याचे तंतू करतात आणि त्या आखूड तंतूंचं जाड सूत निघतं. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेल्या स्वस्त ब्लँकेटांत, पूर आणि भूकंपानंतर वाटल्या जाणाऱ्या ब्लँकेटांत पानिपतचा वाटा मोठा आहे. धाग्याचा तो पुनर्जन्मच, पण फाडून झालेला. तंतू तुटतो, आखूड होतो, त्या धुळीत काम करणाऱ्यांच्या छातीत जातो. उसवण्यात धागा लांबच्या लांब राहतो, म्हणून उसवणं फाडण्याहून श्रेष्ठ. आमच्याकडची वाकळ या दोन्हींच्या मधली: जुनी लुगडी, धोतरं, फाटके सदरे थरावर थर घालून धावदोऱ्यानं शिवलेली. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवर भांड्यांच्या पोत्याशेजारी ज्या वळकट्या असतात, त्या वाकळींच्या. त्यात आजीचं लुगडं असतं, मेलेल्या माणसाचं धोतर असतं. वाकळीवर मी इथे जास्त लिहीत नाही, तो स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे.

आता घोंगडीकडे येते. बालाघाटच्या कुसळी माळांवर चरणारी दख्खनी मेंढी काळी, काटक, कमी पाण्यावर आणि बोटभर गवतावर तगणारी. तिची लोकर राठ, आखूड आणि केसाळ. मेंढ्या कातरून ती लोकर पिंजतात, बायका चरख्यावर काततात, ताण्याला चिंचोक्यांची खळ देतात आणि सणगर ती खड्ड्याच्या मागावर विणतात. घोंगडी अंथरायची, पांघरायची, खोळ करून डोक्यावरून घ्यायची. पाऊस वरून ओघळून जातो. देवालाही ती चालते: बिरोबाच्या पूजेला, खंडोबाच्या जागरणाला, आणि विठ्ठलाच्या खांद्यावर तर ती कायमचीच. आमच्या सीमेला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातल्या चौंडीत, धनगराच्या घरात, १७२५ मध्ये अहिल्याबाई जन्मल्या. पुढे नर्मदेकाठी महेश्वरला त्यांनी विणकर वसवले आणि माहेश्वरी साडी उभी राहिली. लोकरीच्या माणसांत वाढलेल्या त्या बाईंना माग आणि सूत यांची किंमत लहानपणापासून ठाऊक असणार, असं मला नेहमी वाटतं.

आज त्या लोकरीला भाव नाही. कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त पडते, म्हणून कातरलेली लोकर माळावरच सोडून देतात. मटणाला भाव आहे, म्हणून मेंढपाळ अंगावर लोकर कमी आणि मांस जास्त असलेल्या जातींकडे वळले, माडग्याळसारख्या. त्यांचा दोष मला दिसत नाही. पोट त्यांना भरायचं आहे. पण एकीकडे तेलापासून बनवलेली ‘लोकर’ लुधियानाहून बीडला येते आणि दुसरीकडे मेंढीची लोकर बीडच्या माळावर कुजते, हे मी विणायला बसले की माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दख्खनी लोकरीकडे पुन्हा लक्ष वळवणारे लोक आता निघाले आहेत. सुरेश एरियट यांचा ‘देसी ऊन’ हा लोकरीतूनच घडवलेला ॲनिमेशनपट या मेंढीवर आणि तिच्या माणसांवर आहे. २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आन्सी महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला.

दोन वर्षांपूर्वी पाटोद्याच्या बाजूच्या एका वाडीवर मी एका आजींकडे गेले होते. चरखा माळ्यावर होता, त्यांनी तो माझ्यासाठी खाली काढायला लावला. हातातल्या पेळूतून काळा धागा निघत गेला, जाडा-बारीक, मधूनच कुसळ घेऊन. मी म्हटलं, आजी, मला याचं टोपडं विणायचंय. त्या हसल्या. “नगं बाई. लेकराला टोचंल. हे जनावराचं न् रानातल्या मानसाचं हाय.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. या लोकरीचं टोपडं होणार नाही. माझ्या मनात काही वेगळी आशा होती, ती तिथेच संपली, आणि तिच्या जागी खरं काम काय आहे ते दिसू लागलं: पिशवी, आसन, चपलेचा तळवा, पायपुसणं, बैलाच्या खांद्यावरची गादी, पाण्याच्या बाटलीचं वेष्टण.

आजींनी दिलेला गुंडा मी ६ नंबरच्या सुयांवर घेतला. (नव्या वाचकांसाठी: आपल्या दुकानात सुयांचे नंबर जुन्या इंग्रजी पद्धतीचे असतात. आकडा वाढला की सुई बारीक होते. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची, ८ नंबरची ४ मिलिमीटरची, ६ नंबरची ५ मिलिमीटरची.) तीस टाके घातले. धागा सुईवरून सरकत नव्हता, प्रत्येक टाका ढकलावा लागत होता. पिळाचा जोर जास्त असल्यामुळे चौकोन एका बाजूला तिरका होत होता. तिरकेपणा घालवण्यासाठी सगळ्या ओळी सुलट घेतल्या. लोकरीतलं मेंढीचं तेल बोटांना लागलं, आणि दोन दिवस हाताला पावसात भिजलेल्या कळपाचा वास येत राहिला. मग गरम पाण्यात साबण घालून तो चौकोन चोळचोळ चोळला. टाके एकमेकांत मिसळले, ओंब्या पुसल्या गेल्या, कापड आखडून घट्ट झालं. आता ते उसवणार नाही. ज्या गुणासाठी ही सगळी प्रस्तावना लिहिली तो गुण त्या चौकोनानं सोडून दिला, आणि त्याबद्दल मला खंत नाही, कारण ते कापड झिजायलाही फार वेळ लागेल, आणि झिजल्यावर ते मातीत जाईल.

तो चौकोन आता आमच्या स्वयंपाकघरात माठाखाली असतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेते आणि तरी हाताला कोरडी लागते. माठ झिरपतो, चौकोन ते पाणी पितो, दुपारी खिडकीतून ऊन आलं की वाळतो. त्याची कृतीही पुस्तकात आहे. टोपडं त्याच्या आधी आहे.